कुंपण उंच केलं तरी कोंबड्या बाहेर: चूक वर नव्हती, खाली होती

पहिल्या वर्षी जाळी चार फुटांची होती. कोंबड्या बाहेर गेल्या, म्हणून दुसऱ्या वर्षी सहा फूट केली. तरीही गेल्या, म्हणून त्यावर आणखी फूटभर मासेमारीची जुनी जाळी चढवली. आणि तिसऱ्या वर्षी ऐन श्रावणात शेजारच्या काकांच्या तांबड्या भाजीच्या वाफ्यात माझ्याच सात-आठ कोंबड्या उकरत बसलेल्या! त्याच आठवड्यात मुंगसाने दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, नेल्या. काका तसे मोजकंच बोलणारे. बांधावर उभे राहून म्हणाले, "कोंबी उडूंक ना रे, चलून गेल्या." म्हणजे उडाल्या नाहीत, चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खुराडं उघडलं आणि घरात न जाता काजूच्या बुंध्याला टेकून बसून राहिलो. वीस मिनिटांत सगळं कळलं. उतारावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने जाळीखालची माती धुऊन नेली होती आणि तिथे वीतभर पोकळी झाली होती. तिच्यात काजूचा पाला अडकलेला, त्यामुळे उभ्याने पाहणाऱ्याला काही दिसत नव्हतं. पहिली कोंबडी आली, पाला पायाने मागे सारला, मान वाकवली, अंग चपटं केलं आणि गेली. मागून बाकीच्या, रेशनच्या रांगेत लागल्यासारख्या. पोकळीच्या काठावर ओल्या चिखलात पाच बोटांचे, नखांच्या टोकांसकट ठसे होते. मुंगूस. म्हणजे कोंबड्यांची बाहेरची वाट आणि मुंगसाची आतली वाट एकच होती आणि मी तीन वर्षं सात फुटांवर पैसे घालत होतो.

हाच त्रास असलेले बरेच जण उंचीपासून सुरुवात करतात, म्हणून इथे ज्या क्रमाने मला दोष सापडत गेले त्या क्रमाने लिहितो. आमची जागा गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, काजूची उतरण, १२०० चौरस मीटर, घेर साधारण १४० मीटर, कोंबड्या चाळीसेक. सगळ्या गावठी, म्हणजे अंगाने हलक्या आणि डोक्याने तल्लख.

आधी बघा: बाहेर जातंय की आत येतंय

जाळी विकत आणण्याआधी एक सकाळ आणि एक संध्याकाळ नुसतं बसा. कोंबडी खाली जाते, मधून जाते, की वरून, हे डोळ्यांनी बघा. काही कोंबड्या मेल्या असतील तर काय उरलंय आणि कधी गेलं, त्यावरून चोर ओळखता येतो.

दिवसाढवळ्या, दहा-अकराच्या सुमारास एक-एक कोंबडी जात असेल आणि मानेवर चावा असेल तर मुंगूस. अंडी आणि लहान पिल्लंच जात असतील, तीही दिवसा, तर घोरपडीवर संशय घ्यायला हरकत नाही. नुसती पिल्लं, उघड्यावरून आणि आवाज न होता गेली तर वर बघा. शिक्रा किंवा घार, आणि कावळाही काही कमी नाही. रात्रीत एक कोंबडी आणि बांधापलीकडे पिसांची ओळ असेल तर कोल्हा किंवा रानमांजर. एका रात्रीत आठ-दहा मारून टाकल्या आणि खाल्ली एकही नाही, असं असेल तर ते बहुधा कुत्रे, आणि बऱ्याचदा आपल्याच वाड्यावरचे. हे सांगायला गेलं की भांडण होतं, त्यामुळे पुरावा जपून ठेवा. आणि खुराडं बंद, कुठे भोक दिसत नाही, एक कोंबडी कमी, तर आत कोपऱ्यात नीट पाहा. अजगर जाळीतून सडपातळ आत येतो, गिळतो आणि फुगल्यामुळे बाहेर पडू शकत नाही. त्याला काठी लावू नका, वन खात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा.

फासे, विष यांचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुंगूस, घोरपड, अजगर सगळे संरक्षित आहेत, आणि मुंगसासाठी लावलेल्या फाशात मुंगूसच अडकेल याची खात्री कोण देणार? जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले, ते आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात. त्यानंतर आमच्या भागात तरी विषाचं नाव कोणी उघडपणे काढत नाही.

जाळीचा पाय

पुस्तकात आणि घाटावरच्या मित्रांकडून एकच सल्ला मिळतो: जाळी दीड फूट जमिनीत गाडा. काळ्या जमिनीत गाडा हो! आमच्याकडे टीचभर मातीखाली जांभा दगड. पहार मारली की ठणकन आवाज येतो आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात. पहिल्या वर्षी गड्याने दोन दिवसांत अकरा मीटर चर खणला आणि तिसऱ्या दिवशी आला नाही. त्याला दोष देत नाही.

जांभ्यावर उपाय म्हणजे झालर. दोन फूट रुंदीची जाळी घ्यायची आणि ती कुंपणाच्या पायापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरायची. उकरणारा प्राणी सरळ जाळीच्या पायाशी येतो आणि तिथेच नखं लावतो. खाली जाळी लागली की दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा, असं त्याच्या डोक्यात येत नाही. उभ्या जाळीला ही झालर दर सहा इंचांवर बांधणीच्या तारेने आवळायची. मध्ये फूटभराचं अंतर सोडलं की मुंगूस नेमकं तिथे डोकं घालतं. जिथे माती आहे तिथे आठ मिलिमीटरच्या सळईचे इंग्रजी यू आकाराचे आकडे ठोकून झालर खिळवायची. जांभा असेल तिथे फुटक्या चिऱ्यांचे तुकडे ओळीने ठेवायचे. एका पावसाळ्यात गवत जाळीतून वर येतं आणि मुळांनीच ती धरून ठेवतं. मात्र मग तिथे गवत कापायचं मशीन चालवू नका. दोरी जाळीत अडकते आणि दोन्ही फुकट जातात. झालरीवरचं गवत कोयत्यानेच.

जाळी कोणती, हा प्रश्न इथेच येतो. षटकोनी भोकांची पातळ 'कोंबडी जाळी' कोंबड्या आत ठेवते, कुत्रा बाहेर ठेवत नाही. आमच्या हवेत, वरून विष्ठेचा क्षार लागून, ती दोन पावसाळ्यांत तळाशी गंजून हाताने तुटायला लागली. चेनलिंक, म्हणजे जाड तारेची विणलेली जाळी, मजबूत, पण दोन इंची भोकातून पिल्लं बाहेर आणि मुंगसाचं पोर आत. म्हणून मी उभी चेनलिंक ठेवली आणि तळाच्या दोन फुटांना आतून अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी, लावली. झालरही वेल्डमेशचीच. घेताना वेल्ड केल्यानंतर जस्तात बुडवलेली जाळी मागा. आधी जस्त चढवलेल्या तारा नंतर वेल्ड केल्या तर सांधे उघडे पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुकानदाराला हा फरक माहीत नसेल तर सांधा नखाने खरवडून बघा: काळपट, खरखरीत डाग दिसला तर ती जाळी सोडा. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात: गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हेही लक्षात असू द्या. मी पहिल्यांदा उलटं समजून बसलो होतो.

एक गोष्ट करू नका. नायलॉनची जाळी जमिनीला टेकवून लावू नका. आमच्या त्या मासेमारीच्या जाळीचं एक टोक खाली लोंबत होतं, त्यात धामण अडकली. कात्रीने एकेक फास कापून तिला सोडवायला तास गेला. धामण अंडं खाते, कबूल, पण गोठ्यातल्या उंदरांचं काय करायचं ते तीच जाणते.

पाणी जिथून जातं

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उतारावरच्या कुंपणाला दरवर्षी तीच तीन-चार ठिकाणं दगा देतात, आणि ती कुठली हे उन्हाळ्यात कळत नाही. पहिल्या दोन मोठ्या पावसांत छत्री घेऊन कुंपणाभोवती फिरा आणि पाणी जिथून जातं तिथे खूण म्हणून काठी रोवा. हा अर्ध्या तासाचा उद्योग मी तीन वर्षं केला नाही.

पाण्याची वाट दगडांनी बुजवून टाकू नका. मी बुजवली. पाला अडला, पाणी तुंबलं आणि दोन खांब मुळासकट आडवे झाले. पाण्याला जाऊ द्यायचं आणि जनावराला अडवायचं, तर लोंबती जाळी लागते. वाटेच्या दोन्ही बाजूंना खांब, वर आडवा पाइप, पाइपाला कड्यांनी टांगलेली वेल्डमेशची चौकट. तिच्या खालच्या काठाला बारा मिलिमीटरची सळई बांधायची. ही सळई मीटरला साधारण नऊशे ग्रॅम भरते, त्यामुळे तीन फुटांच्या चौकटीला पाऊण किलोच्या वर वजन मिळतं. कोंबडी ते ढकलत नाही, पाण्याचा लोट मात्र ढकलतो.

खाली जांभ्याच्या चिऱ्यांचा उंबरठा बांधायचा, पण चौकटीच्या आतल्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. मग चौकट फक्त बाहेर उघडते आणि बाहेरून आत ढकलू पाहणाऱ्याला उंबरठा अडवतो. मी पहिल्यांदा उंबरठा बाहेर बांधला. मुंगसाला जणू पायरीच करून दिली. दसऱ्याच्या सुमाराला पाणी आटलं की चौकट दोन्ही खांबांना तारेने आवळून टाका, मृगाआधी सोडा.

खांब आणि दार

खांबांबद्दल थोडक्यात. सुरूचे आणि साधे लाकडी खांब वाळवी दोन-तीन वर्षांत खाते. सिमेंटचे किंवा लोखंडी अँगल घ्या, दहा फुटांवर एक, आणि चारही कोपऱ्यांना तिरके टेकू द्याच. कोपरा झुकला की सगळी जाळी सैल पडते आणि तळाशी पोट धरते. गिरिपुष्पाच्या फांद्या मेअखेर रोवून जिवंत खांब करण्याची आमच्याकडची जुनी रीत स्वस्त आणि उत्तम. पाला शेळीला आणि शेताला दोन्हीकडे चालतो. फक्त बुंध्याला तार गुंडाळू नका. झाड जाड होतं, तार गिळतं आणि तुटते. बुंध्यावर लाकडी पट्टी ठोकून पट्टीला जाळी अडकवा. आणि फांद्या कुंपणाच्या वर झुकू देऊ नका, नाहीतर कोंबड्यांना जिना मिळतो आणि उदमांजरालाही.

दार हा खरा घरचा भेदी. आमच्याकडे मार्च ते मे काजू वेचायचे दिवस. डोक्यावर बोंडूंची पाटी, हातात कळशी, दार पायाने लोटायचं, मागे वळून कोण बघतंय? दोष वेचणाऱ्या बायकांना देण्यात अर्थ नव्हता, आमच्या आईनेच दोनदा उघडं टाकलं होतं. शेवटी दाराला दोरी बांधून ती खांबावरच्या कप्पीवरून नेली आणि टोकाला नारळाएवढा दगड टांगला. आता दार आपोआप मिटतं. दाराखाली आधी चार बोटं फट होती, तिथे चिऱ्याचा उंबरठा बसवला. पावसात खांब झुकला की दार जमिनीला घासतं आणि मग लोक ते अर्धवटच ठेवतात. बिजागरीच्या बाजूचा खांब म्हणूनच सगळ्यांत जाड असावा.

उंचीचा प्रश्न कधी खरा असतो

वनराजासारख्या वजनदार जातीला चार-पाच फूट पुष्कळ झाले. गावठी तलंग मात्र मनात आणलं तर सहा फुटांवर सहज बसते. ती कुंपण ओलांडत नाही, आधी त्यावर बसते आणि मग पलीकडे उतरते. म्हणून वरच्या काठाला पाइप किंवा लाकूड बांधू नका. वरची फूटभर जाळी सैल, डुलती ठेवा. तिला पाय ठेवायला काही दिसलं नाही तर ती बहुतेक वेळा प्रयत्नच सोडते.

तरीही जाणाऱ्या चार-पाच असतात. त्यांच्या एकाच पंखाची बाहेरची लांब दहा पिसं निम्मी कापा. दोन्ही पंख कापले तर तोल राहतो आणि ती तरीही उडते, एकच कापला की भेलकांडते. नव्या फुटणाऱ्या पिसाची दांडी निळसर, रक्ताने भरलेली असते, तिला कात्री लावू नका. संध्याकाळी खुराड्यात शिरल्यावर करा. मुलगी धरते, मी कापतो, कोंबडी शिव्या देते. पीस गळून नवं आलं की पुन्हा तेच काम, वर्षातून एकदा.

त्या बाहेर का जातात, हेही बघा. आतलं गवत संपून नुसती माती उरली असेल तर कोणतीही कोंबडी पलीकडची हिरवळ बघणारच. युरोपीय संघाच्या नियमात मोकळ्या कोंबडीमागे चार चौरस मीटर जागा धरली आहे. आमच्याकडे त्याच्या सातपट आहे, तरी खुराड्याजवळचा पट्टा टक्कल पडल्यासारखा झाला होता. जागेचे मधून जाळी लावून दोन भाग केले, महिन्या-महिन्याने पालटतो. काकांच्या भाजीवरचं प्रेम बरंच ओसरलं.

झटका मशीन आषाढात झोपतं

कुत्रे आणि कोल्हा यांच्यासाठी मी नंतर झटका मशीन बसवलं. सेकंदाला साधारण एक ठोका, हजारो व्होल्टचा पण क्षणभराचा, त्यामुळे दणका बसतो, जीव जात नाही. घरातली वीज तारेवर थेट सोडणारे महाभाग अजून आहेत. त्यात माणूस मरतो आणि तो गुन्हा आहे, एवढं पुरे.

दोन तक्रारी कायम येतात. उन्हाळ्यात झटका लागत नाही: कोरडा जांभा वीज नीट वाहून नेत नाही, आणि अर्थिंगची सळई खोल जात नाही. यावर झालर कामाला आली. जाळी आणि झालर दोन्ही अर्थिंगला जोडल्या आणि जिवंत तार बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून सहा इंचांवर, जाळीपासून वीतभर अंतरावर इन्सुलेटरवर ओढली. आता येणाऱ्याचे पाय झालरीवर आणि नाक तारेवर. जमीन कोरडी असो की ओली, फेरा पूर्ण होतो. दुसरी तार वर, चढणाऱ्या उदमांजरासाठी.

दुसरी तक्रार पावसाळ्यातली. गवत तारेला टेकतं आणि सगळा जोर जमिनीत जातो. त्यातच ढगांमुळे सौर पॅनल उपाशी आणि बॅटरी रिकामी. मी जुलैमध्ये दुसरी बॅटरी घरी चार्ज करून आलटून पालटून लावतो. तारेच्या सर्वांत दूरच्या टोकाला मीटर लावा. तीन हजार व्होल्टच्या खाली आकडा असेल तर गळती शोधा. रात्री टॉर्च न लावता फिरा, चट्चट् आवाज आणि ठिणगी स्वतःच जागा सांगते. मशीनपासून कुंपणापर्यंत घरातली साधी वायर वापरली असेल तर ती आधी बदला. ती ११०० व्होल्टसाठी बनवलेली असते, पाच-सहा हजारांना आतून गळते. तांब्याची तार जस्ताच्या तारेला थेट पिळू नका, सांधा गंजतो. आणि गडगडाट सुरू झाला की मशीन तारेपासून सोडवा.

पिल्लांसाठी वरून जाळी लागतेच. मालिम जेटीवरची टाकाऊ मासेमारीची जाळी मी खुराड्यापुढच्या छोट्या अंगणावर ताणून बांधली आहे. पिल्लं महिना-दीड महिना तिथेच. आणि रात्रीचा भरवसा कुंपणावर कधीच ठेवू नका. दिवेलागणीला खुराडं बंद, कडी घालून. नुसता खिट्टीचा आकडा उदमांजर उचलू शकतं.

चवथीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हातात पक्कड घेऊन एकशे चाळीस मीटर वाकून चालतो. वाकूनच, कारण उभ्याने काही दिसत नाही. यंदा मुंगसाने एकही नेली नाही. काळी तलंग मात्र अजून बाहेर जाते, फणसाच्या फांदीवरून. ती फांदी काकांच्या हद्दीतली. तिच्यावर चार फणस आहेत, ते उतरेपर्यंत तोडायची नाही असं ठरलंय, आणि तोवर तलंग जे अंडं काकांच्या गवताच्या उडवीत घालते ते काकांचं.